होंग सोल विचारत का नाही? वास्तववादी कोरियन प्रेमकथांतील नायिकेचे न बोललेले

पानगळ यांचा प्रश्न:

गेल्या काही महिन्यांत मी ‘चीज इन द ट्रॅप’ हे कोरियन वेबटून, म्हणजे इंटरनेटवर भागाभागाने येणारी चित्रकथा, पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत वाचून काढले. सुन्की या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या लेखिका-चित्रकर्तीची ही मालिका नेव्हर वेबटून या कोरियन संकेतस्थळावर २०१० साली सुरू झाली आणि २०१७ साली संपली. तिची नायिका होंग सोल विद्यापीठात शिकते, शिष्यवृत्ती हातची जाऊ नये म्हणून गुणांसाठी रात्री जागवते, सुट्टीत अर्धवेळ कामे करते, आणि धाकट्या भावाला जे न मागता मिळते ते आपल्याला मागूनही मिळत नाही हे मनाशी ठेवून घरी हसतमुखाने वावरते. प्रेमकथांच्या कॉमिक्समध्ये इतकी ओळखीची वाटणारी मुलगी मला यापूर्वी भेटली नव्हती, आणि म्हणूनच तिच्याविषयीचा माझा प्रश्न मला इतके दिवस सोडत नाही.

सोल फार बारीक पाहणारी आहे. समोरच्याचे ओठ हसत असताना डोळे हसत नाहीत, हे तिच्या लगेच लक्षात येते. वर्गातील सर्वांच्या गळ्यातील ताईत असलेला यू जोंग हा ज्येष्ठ विद्यार्थी आपला तिरस्कार करतो, असे तिला आधीचे संपूर्ण वर्ष वाटत आलेले असते, आणि तोच एके दिवशी अचानक गोड आवाजात ‘सोल, जेवायला येतेस का?’ असे विचारू लागतो. हा बदल का झाला, हे तिने त्याला सरळ विचारले असते तर कथेतील अर्धा गुंता तेथेच सुटला असता. ती विचारत नाही. काहीतरी निमित्त काढून ती निघून जाते, आणि पुढे चौकटींमागून चौकटी तिच्या मनातील तर्कवितर्क आपण वाचत राहतो. प्रत्यक्ष संवादाच्या फुग्यात मात्र ‘आनीएयो’, म्हणजे ‘नाही, काही नाही’, एवढेच येते.

मला विचारायचे आहे ते असे. हे मौन त्या मुलीच्या परिस्थितीतून आलेले आहे, की कथा लांबावी म्हणून लेखिकेने तिच्या तोंडाला घातलेले कुलूप आहे? वाचताना कधी मला एक वाटत होते आणि कधी दुसरे. काही प्रसंगी मला तिचा इतका राग आला की मी वाचन थांबवले, आणि थोड्या वेळाने ध्यानात आले की मीही वर्षानुवर्षे नेमकी अशीच ‘काही नाही’ म्हणत आले आहे. त्यामुळे माझे मत निःपक्षपाती राहिलेले नाही. ज्यांनी ही किंवा अशा प्रकारची वेबटून्स बारकाईने वाचली आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

शब्दसाधक यांचे उत्तर:

आपला प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, आणि माझे उत्तर स्पष्ट आहे: सोलचे मौन तिच्या परिस्थितीतूनच आले आहे, मात्र ती परिस्थिती ओळखण्यासाठी कोरियन विद्यापीठातील ज्येष्ठ-कनिष्ठपणाची रचना ध्यानात घ्यावी लागते. तेथे आपल्याआधी प्रवेश घेतलेली व्यक्ती ‘सोनबे’ असते आणि नंतर आलेली ‘हुबे’, आणि प्रवेशाचे वर्ष ही माणसाची जवळजवळ दुसरी ओळख असते. त्यातच सक्तीच्या लष्करी सेवेमुळे बहुतेक मुलगे मध्येच शिक्षण थांबवून जातात आणि परत येतात, त्यामुळे वयाने बऱ्याच मोठ्या पुरुषांबरोबर कनिष्ठ मुली एकाच वर्गात बसलेल्या असतात. ज्येष्ठाने जेवायला बोलावणे हे त्या जगात साधे आमंत्रण नसते. त्यात आपुलकी असते, थोडा अधिकार असतो, आणि नकार देणाऱ्या कनिष्ठाचा उद्धटपणा चारचौघांत चर्चिला जाण्याची शक्यताही असते. सोल निमित्ते काढून पळते, कारण होकार आणि नकार या दोहोंची किंमत तिने मनात आधीच मांडून पाहिलेली असते.

गटाने करायच्या प्रकल्पाचा प्रसंग आठवून पाहा. बरोबरचे विद्यार्थी टाळाटाळ करतात, एक ज्येष्ठ तर उघडपणे काम अंगाबाहेर टाकतो, आणि सोल अखेरीस स्वतः रात्र जागून सर्वांच्या वाट्याचे काम उरकते. निकाल लागतो तेव्हा संपूर्ण गटाला ‘डी’ श्रेणी मिळते. हा प्रसंग कोरियन वाचकांत फार गाजला आणि आजही गटप्रकल्पांच्या त्रासाचा विषय निघाला की त्याची आठवण काढली जाते. सोल त्या ज्येष्ठाला वेळीच खडसावत नाही, ही तिची चूक आहे आणि कथा ती चूक लपवत नाही. परंतु खडसावल्यानंतर तो ज्येष्ठ काय करील, इतर ज्येष्ठांना काय सांगील, आणि पुढचे सत्र कसे जाईल, हा हिशेब तिच्या डोक्यात चालू असतो. स्वतः काम करून टाकणे तिला त्या क्षणी स्वस्त पडेल असे वाटते. ते महाग पडते, ही गोष्ट वेगळी.

यू जोंगच्या बाबतीत आणखी एक पदर आहे, आणि माझ्या मते कथेचे सर्व बळ त्यात आहे. सोलचा संशय अनेकदा खरा असतो. यू जोंग खरोखरच लोकांना हाताच्या बोटांवर नाचवतो, आणि आपल्याला त्रास देणाऱ्यांचा काटा परस्पर काढतो. अशा माणसाला ‘तुम्ही असे का वागता?’ हे विचारायचे तर पुरावा हवा, आणि सोलजवळ काय आहे? एक पुसट हसू, एक थंड नजर, एक अर्धवट ऐकलेले वाक्य. हे शब्दांत मांडायला गेल्यास ऐकणारा म्हणेल की तुझ्या मनाचे खेळ आहेत. ज्याने आपल्याला दुखावले त्याने ते इतक्या सफाईने केले आहे की तक्रार करताना आपणच क्षुद्र ठरू, हा अनुभव ज्यांना आहे त्यांना सोलचे मौन कळायला वेळ लागत नाही.

सोन मिन्सू या पात्राचा उल्लेख राहू नये. ही मुलगी सोलचे केस, कपडे, वस्तू एकेक करून उचलत जाते, आणि सोल कितीतरी काळ हा योगायोग असेल असे स्वतःलाच समजावत राहते. हे पात्र इतके लोकांच्या मनात बसले की ‘सोन मिन्सू करणे’ हे क्रियापद कोरियन बोलीत दुसऱ्याची नक्कल करणे या अर्थाने रूढ झाले. आपला चेहराच कोणी हळूहळू चोरत असताना ‘थांब’ म्हणण्यासाठी नेमका कोणता क्षण योग्य असतो, हे सांगणे अवघड आहे.

मृदंगी यांचे उत्तर:

शब्दसाधक यांचे विवेचन मला पटते, तरीही मी काहीसा वेगळा आग्रह धरू इच्छिते. प्रत्येक मौनाला परिस्थितीचे कारण देऊन आपण वाचक फार उदार होतो, आणि त्याचा लाभ आळशी लेखनाला मिळतो.

कोरियन वाचकांनी यासाठी स्वतःचे दोन शब्द घडवले आहेत. कथेत नायिका बोलत नाही, गैरसमज वाढत जातात आणि वाचणाऱ्याचा जीव कोंडतो, अशा भागाला ते ‘गोगुमा’ म्हणतात. गोगुमा म्हणजे रताळे. पाणी न पिता उकडलेले रताळे खाल्ले की ते घशात जसे अडकून बसते, तशी ही कथा छातीत अडकते. आणि जेव्हा कोणीतरी अखेर तोंड उघडते, समोरच्याला स्पष्ट सुनावते, तेव्हा तो भाग ‘साइदा’ ठरतो, म्हणजे घसा मोकळा करणारे लिंबाच्या चवीचे फसफसणारे पेय. वेबटून सहसा आठवड्याला एक-दोन भागांच्या गतीने प्रसिद्ध होते, आणि नेव्हर किंवा काकाओसारख्या मंचांवर पुढचे भाग पैसे भरून आधी वाचता येतात. भागाच्या शेवटी नायिकेने तोंड उघडावे आणि नेमके तेव्हाच ‘पुढील भागात’ यावे, याचा मोह लेखकाला किती होत असेल याची कल्पना करा. त्यामुळे जे मौन आपण मानसशास्त्र म्हणून वाचतो, त्यातील काही भाग केवळ वेळापत्रक असते. सोलच्या कथेतही, विशेषतः उत्तरार्धात, मला ते जाणवले.

मी माझ्यापुरती एक कसोटी ठेवली आहे. नायिकेने ते एक वाक्य आताच उच्चारले तर तिचे नेमके काय जाईल, असे मी स्वतःला विचारते. शिष्यवृत्ती, मैत्रीण, नोकरी, स्वतःविषयीची एखादी समजूत, काहीतरी जात असेल तर ते मौन खरे. काहीच जात नसेल आणि केवळ कथा संपत असेल, तर ते रताळे.

या कसोटीवर मला सर्वांत प्रामाणिक वाटलेले वेबटून म्हणजे ली दोंग-गन यांचे ‘यूमीज सेल्स’. २०१५ ते २०२० या काळात त्याचे ५१२ भाग प्रसिद्ध झाले. यूमी ही कार्यालयात काम करणारी तिशीच्या आसपासची साधी स्त्री आहे, आणि तिच्या डोक्यात निळ्या कपड्यांतील इवल्या पेशींचे एक गाव वसलेले आहे. तर्कपेशी आहे, भावनापेशी आहे, भूकपेशी आहे, आणि पूर्वीच्या प्रेमभंगानंतर बेशुद्ध पडलेली प्रेमपेशीही आहे. यूमी एखादे वाक्य बोलण्यापूर्वी हे सगळे गाव त्यावर सभा भरवते. एवढा गोंगाट आत चालू असताना ओठांवर येणारे वाक्य फिके असते, आणि समोरच्याला ते फिके वाक्यच तेवढे ऐकू येते. येथे लेखकाने एक फार न्याय्य गोष्ट केली आहे: समोरच्या पुरुषाच्या डोक्यातही तसेच एक गाव दाखवले आहे. गेम बनवणारा गू वूंग आपल्या धंद्यातील पडझड यूमीला सांगत नाही, कारण त्याचा अभिमान आड येतो. यूमीलाही हवे ते शब्द सापडत नाहीत. दोघेही एकमेकांवर प्रेम करतात, कोणीही खलनायक नाही, आणि तरीही नाते तुटते. येथे कोणी एका वाक्याने काही सोडवू शकले असते असे मला वाचताना एकदाही वाटले नाही. ‘अबोल नायिका’ असा शिक्का मारून आपण निम्माच प्रश्न पाहतो, कारण तिच्या समोरचा नायकही कित्येकदा मूग गिळून बसलेला असतो, आणि त्याच्या गप्प राहण्याला मात्र भारदस्तपणा म्हटले जाते.

पानगळ:

मृदंगी, आपल्या शेवटच्या वाक्याने मला थांबवले. यू जोंगही काही सांगत नाही, हे मी सर्व काळ पाहत होते, आणि तरीही माझा सगळा राग सोलवर होता. त्याच्या मौनाचे मी कोडे केले आणि तिच्या मौनाचा दोष केला. असे का झाले असावे, याचा मी विचार करते आहे. तूर्त शब्दसाधक यांना एकच विचारते: सोल त्याच्याशी नात्यात आल्यानंतरही, म्हणजे ज्येष्ठाचा धाक उरण्याचे कारण नसतानाही, तिला प्रश्न विचारणे सोपे का होत नाही?

निळी शाई यांचे उत्तर:

हा प्रश्न शब्दसाधक यांना असला तरी त्याचे एक उत्तर भाषेत आहे, म्हणून मध्ये बोलत आहे. मी गेली काही वर्षे कोरियन शिकत आहे, आणि ही मालिका प्रथम इंग्रजी अनुवादात आणि नंतर मूळ भाषेत वाचली. दोन वाचनांत मला दोन वेगळ्या मुली भेटल्या.

कोरियनमध्ये वाक्याच्या क्रियापदालाच आदराचा किंवा सलगीचा प्रत्यय लागतो. आदराच्या बोलण्याला ‘जोंदेमाल’ म्हणतात आणि सलगीच्या बोलण्याला ‘बानमाल’. कोणतेही वाक्य पूर्ण करायचे तर या दोहोंपैकी एकाची निवड करावीच लागते. दोघांत जवळीक वाढली की कोणीतरी ‘माल नोत्छा’ असे सुचवतो, म्हणजे आता बोलणे खाली उतरवू, अहो-जाहो सोडू. प्रेमकथांत हा क्षण पहिल्या स्पर्शाइतका मोठा असतो. सोल आणि जोंग यांच्यात तो समसमान कधी येत नाही. तो तिला नावाने हाक मारतो आणि बानमालमध्ये बोलतो. ती नात्यात आल्यानंतरही त्याला ‘सोनबे’ म्हणत राहते आणि जोंदेमालमध्येच बोलते. इंग्रजी अनुवादात दोघांनाही एकच सर्वनाम मिळते आणि ही उतरंड पुसली जाते, त्यामुळे ती विनाकारण भित्री वाटू लागते. आपल्या भाषेत हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. एकाने अरे-तुरे करायचे आणि दुसऱ्याने अहो-जाहो, अशा जोडीत भांडण कसे होते ते आपण जाणतो. ‘तू असं का केलंस?’ या प्रश्नात जी धार आहे ती ‘तुम्ही असं का केलंत?’ यात येत नाही. सोलला जाब विचारायचा आहे, आणि तिच्या हाती विनंतीचे व्याकरण आहे.

त्याहून पुढची अडचण अशी की कोरियनमध्ये वडीलधाऱ्या किंवा ज्येष्ठ व्यक्तीला ‘तुम्ही’ म्हणण्यासाठी निर्धोक सर्वनामच जवळजवळ नाही. पदाने किंवा नात्याने, बहुधा त्यापुढे ‘निम’ हा आदराचा प्रत्यय लावून, संबोधायचे असते. म्हणजे आरोप करतानाही दर वाक्यात ‘सोनबे’ हा शब्द येणार, आणि त्या शब्दाबरोबर आपण कनिष्ठ आहोत याची कबुलीही येणार.

‘नुनची’ हा शब्दही येथे लागतो. समोरच्याचा नूर, खोलीतील रागरंग, न बोललेली अपेक्षा ओळखण्याच्या शक्तीला कोरियन लोक नुनची म्हणतात, आणि ती ज्याच्यात कमी असते त्याला समाजात कमीपणा येतो. सोलकडे ती गरजेपेक्षा अधिक आहे. ज्याला समोरच्याचे उत्तर विचारण्यापूर्वीच दिसते, त्याला प्रश्न विचारण्याचे बळ कोठून यावे? तिच्या मनातील लांबलचक स्वगते मला याच दृष्टीने वाचावीशी वाटतात. तिने तो संवाद मनात दहा वेळा केलेला असतो, दोन्ही बाजूंनी, आणि दहाही वेळा ती हरलेली असते.

अलीकडच्या वेबटून्समध्ये या न बोलण्याची जागा फोनने घेतली आहे. काकाओटॉक या २०१० साली आलेल्या संदेशसेवेत पाठवलेल्या संदेशाशेजारी न वाचलेल्यांची संख्या दिसते. दोघांच्या संभाषणात तो एकटा ‘१’ असतो, आणि समोरच्याने संदेश उघडला की तो नाहीसा होतो. ‘१’ गेला आणि उत्तर आले नाही, या स्थितीला ‘इक्सिप’ असा स्वतंत्र शब्द आहे, शब्दशः वाचून चावून टाकणे, म्हणजे वाचूनही दुर्लक्ष करणे. एका अंकाच्या नाहीसे होण्यावर नायिकेची अख्खी रात्र जाते, हे चित्रात मी अनेकदा पाहिले आहे आणि त्यात मला अतिशयोक्ती वाटलेली नाही.

तिसरा मजला यांचे उत्तर:

मी चित्रे काढते, म्हणून माझे सर्व लक्ष हे मौन कागदावर, खरे तर पडद्यावर, कसे उतरते याकडे असते. वर कोणी त्याविषयी लिहिले नाही.

छापील पुस्तकात चौकटींना पानाची सीमा असते. वेबटून वरून खाली सरकत जाते, आणि दोन चौकटींमध्ये चित्रकार हवी तितकी मोकळी जागा सोडू शकतो. २००३ साली कांग फुल यांनी दाउम या संकेतस्थळावर जी प्रेमकथा क्रमशः प्रसिद्ध केली, तिने उभ्या सरकत्या मांडणीतील दीर्घ कथेचा पाया घातला असे मानले जाते, आणि त्या मांडणीची सर्वांत मोठी देणगी मला ही रिकामी जागा वाटते. यू जोंग प्रश्न विचारतो. त्याखाली कोरे पांढरे. आपले बोट सरकत राहते, अजून पांढरे. मग सोलची मूठ, किंवा खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा आवळणारी बोटे. आणि त्याखाली ‘आनीएयो’. तिला उत्तर द्यायला जो वेळ लागला तो आपल्या बोटाने मोजला आहे. कादंबरीत ‘ती क्षणभर थांबली’ असे लिहावे लागले असते.

दुसरे, फुग्यांचा फरक. उच्चारलेले शब्द शेपटीच्या फुग्यात येतात, आणि मनातले शब्द फुग्याविना मोकळे किंवा चौकोनात येतात. सोलच्या कथेत मनातल्या शब्दांचा ढीग आणि फुग्यातील दोन अक्षरे यांचे प्रमाणच इतके विषम आहे की अक्षरे न वाचता, केवळ रचना पाहूनही ती कोणाजवळ मोकळी होते आणि कोणाजवळ नाही हे सांगता येते. बेक इन्हो या रागीट, उघड्या स्वभावाच्या मुलाशी बोलताना तिचे फुगे मोठे होतात, ती ओरडतेदेखील. जोंगसमोर ते आक्रसतात. पानगळ, आपण पुन्हा वाचाल तेव्हा हे अवश्य पाहा. ती मुळात अबोल नाही.

आता एका वेगळ्या कथेकडे वळते, कारण ती आपल्या चर्चेला उलट्या बाजूने भिडते. चॉन ग्ये-यंग यांचे ‘लव अलार्म’ २०१४ साली सुरू झाले. त्यात असे एक अ‍ॅप आहे की दहा मीटरच्या आत आपल्यावर प्रेम करणारी व्यक्ती आली की फोन वाजतो. म्हणजे बोलण्याची गरजच संपली. नायिका किम जोजो हिला आईवडील नाहीत, ती मावशीच्या घरी राहते आणि दुकानात काम करून दिवस काढते. मन उघड करण्याचे काम यंत्राने स्वतःकडे घेतल्यावर ती काय करते? तिच्या मनातले कोणालाही ऐकू जाऊ नये यासाठी ती एक ढाल मिळवते, आणि त्यानंतर तिच्या प्रेमाने कोणाचाच फोन वाजत नाही. ज्या क्षणी न बोलता सर्व कळू शकते, त्याच क्षणी तिला न कळू देण्याचा अधिकार हवासा वाटतो. ज्या मुलीजवळ स्वतःचे म्हणावे असे फारसे काही नाही, तिच्यासाठी मनातली गोष्ट ही अखेरची मालकीची वस्तू असते. त्या ढालीची किंमत तिला पुढे फार वर्षे मोजावी लागते, कारण आता तिने शब्दांनी सांगितले तरी लोक यंत्राचा पुरावा मागतात.

मृदंगी यांची कसोटी मला आवडली, पण जोजोच्या बाबतीत ती उलटी लावावी लागते. तिने न बोलल्याने काय टिकले, असा प्रश्न विचारावा लागतो.

मृदंगी:

हे मला मान्य आहे. माझी कसोटी गमावण्याची होती, आणि राखण्याचे माझ्या मनात आले नव्हते. तरीही एक आक्षेप उरतो. वाचकांनी ‘साइदा’ची मागणी इतकी लावून धरली आहे की अलीकडे पुनर्जन्म घेऊन सूड उगवणाऱ्या, प्रत्येकाला तोंडावर सुनावणाऱ्या नायिकांच्या कथांना उधाण आले आहे. त्या वाचताना मलाही क्षणभर मोकळे वाटते. पण त्या नायिकेला भविष्य आधीच ठाऊक असते, म्हणून ती बोलू शकते. सोलला उद्याचे काही ठाऊक नाही. मी रताळ्याबद्दल कठोर लिहिले, तरी या दोघींपैकी एकीची निवड करायची झाल्यास मी सोलचीच करीन.

पानगळ:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मी आरंभीचे काही भाग पुन्हा काढले आणि ‘तिसरा मजला’ यांनी सांगितल्याप्रमाणे शब्दांऐवजी आधी मोकळ्या जागा पाहिल्या. पहिल्या वाचनात मी त्या जागांवरून भराभर बोट सरकवत गेले होते, कारण मला उत्तर हवे होते. या खेपेस सावकाश गेले. तिच्या न बोलण्यात इतके काही घडत असते, हे मला तेव्हा दिसलेच नव्हते. सोल इन्होशी बोलतानाचे मोठे फुगेही दिसले. जोंगच्या मौनाचे मी कोडे का केले आणि तिच्या मौनाचा दोष का केला, याचे उत्तर मला अजून पूर्णपणे मिळालेले नाही, परंतु त्याचा काही भाग असा आहे की तिचे मन मला सर्व वाचता येत होते आणि त्याचे नव्हते. जिचे सर्व कळते तिच्याकडून आपण अधिक मागतो.

निळी शाई यांना शेवटचे एक विचारते. सरळ ‘नाही’ म्हणता येत नसेल, तर कोरियनमध्ये अशा मुली नकार देतात तरी कसा? प्रत्येक वेळी खोटे निमित्तच सांगावे लागते का?

निळी शाई:

निमित्त सांगतात, पण त्याहून अधिक वेळा वाक्य अर्धे सोडतात. ‘जोनुन जोम…’ एवढेच म्हणायचे आणि थांबायचे. ‘जोनुन’ म्हणजे ‘मी’, नम्रपणे. ‘जोम’ म्हणजे ‘थोडे’. पुढचे क्रियापद उच्चारायचेच नाही, त्यामुळे नकाराचा शब्दही उच्चारावा लागत नाही, आणि तो ओळखण्याचे काम समोरच्यावर सोपवले जाते. याचा मराठी अनुवाद मी बराच काळ शोधत होते, आणि तो माझ्याच बोलण्यात सापडला: ‘मला जरा…’

समोरचा समजूतदार असेल तर तो तेथेच ‘बरं, राहू दे’ म्हणतो. यू जोंगला तो नकार नीट कळतो, आणि तरीही तो हसून ‘जरा काय?’ असे विचारणाऱ्यांपैकी आहे.